रोज एक अभंग पुरेसा आहे

घरात कुणी गेलं की पहिले तेरा दिवस माणसं त्या घराला एकटं सोडत नाहीत. शेजारून पिठलं-भाकरी येते, संध्याकाळी कुणीतरी गरुडपुराण वाचतं, दहाव्याला घाटावर प्रवचन होतं. चौदाव्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या जातात, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि खरं दुःख तिथून पुढे सुरू होतं. मोठ्या आजारपणातही असंच होतं. शहाळी घेऊन येणारे पहिल्या आठवड्यात येऊन जातात, पुढचे महिने रोग्यानं आणि घरच्यांनी काढायचे असतात. ज्याची नोकरी गेली, जिचं लग्न मोडलं, ज्याचा मुलगा व्यसनात अडकला, त्यांच्याकडे तर भेटायलाही कुणी येत नाही.

अशा माणसांना मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. तुमच्या घरात जो धर्मग्रंथ असेल, गाथा, ज्ञानेश्वरी, गीताई, धम्मपद, बायबल, कुराण, तो खाली काढा आणि रोज थोडा वाचा. पारायण पुरं करायचं म्हणून वाचू नका, पुण्यासाठी वाचू नका. तुम्ही आज जसे आहात तसे, रडवेले असाल तर रडवेले, चिडलेले असाल तर चिडलेले, त्या शब्दांपुढे बसा. या वाचनानं दुःख जाईल असं मी म्हणत नाही. त्यानं दुःखाला शब्द मिळतात, दिवसाला एक खुंटी मिळते आणि आपल्याआधी या वाटेनं कुणीतरी गेलं आहे हे कळतं. सावरायला सुरुवात करण्यासाठी एवढं पुरतं.

देहूच्या तुकाराम बोल्होबांचं चरित्र आपण लहानपणापासून ऐकतो; पण त्यात त्यांच्या दुःखाचा काळ घाईनं उरकून वैकुंठगमनाकडे जायची आपली सवय आहे. तो काळ जरा थांबून पाहावा. आईवडील गेले. १६३०च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. त्यात सावकारी बुडाली, गावातला मान गेला, पहिली बायको अन्नान्न करत वारली, आणि परंपरा सांगते की मुलगाही गेला. यातलं बरंचसं तुकोबांनी स्वतःच्या अभंगात लिहून ठेवलं आहे. त्या अभंगात पुढे काय येतं ते बघा. लाज वाटली, मन उडालं, मग पडकं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. कीर्तनाला उभे राहू लागले. पण मन त्यात मुरलेलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगतात. म्हणून आधीच्या संतांची काही वचनं विश्वासानं आणि आदरानं पाठ केली. पुढे उभे राहून कुणी गात असेल, तर मागे राहून ध्रुपद धरलं.

दुःखातून उठू पाहणाऱ्या माणसासाठी यात सगळा कार्यक्रम आहे. हाताला एक काम, पाठ करायला थोडे शब्द आणि मागे उभं राहून साथ देता येईल अशी चार माणसं. ज्याच्या गाथेत आज साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, त्या माणसानं सुरुवात दुसऱ्यांचे शब्द उसने घेऊन केली. तुमच्याकडे आज स्वतःचे शब्द नसतील तर त्यात कमीपणा नाही.

आता वाचायचं कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट, थोडं वाचा. दुःखात मन टिकत नाही, एकच ओळ चार वेळा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. अशा वेळी सात दिवसांत ज्ञानेश्वरी संपवायचा संकल्प सोडला की दुसऱ्याच दिवशी तो मोडतो, आणि आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक अपराध बसतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. रोज दहा वाचल्या तर अडीच वर्षं लागतील. लागू द्या. नेवाशाला शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, सांगितलेला तो ग्रंथ सातशे वर्षं थांबला आहे, तो तुमच्यासाठीही थांबेल. दहा ओव्या जड वाटत असतील तर हरिपाठातला एक अभंग घ्या. ज्ञानदेवांचा हरिपाठ २७ अभंगांचा आहे. रोज एक घेतला तर महिन्याच्या आत एक फेरी होते आणि नकळत बराचसा पाठही होतो.

दुसरी गोष्ट, मोठ्यानं वाचा. आपल्याकडच्या ओव्या, अभंग, स्तोत्रं कानासाठी रचलेली आहेत. ओठ हलले, आवाज फुटला की श्वास आपोआप लांबतो. याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवरचा एक प्रयोग मांडला. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि योगातला मंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय व रक्तदाब यांच्यातला ताळमेळ सुधारतो, असं त्यांना आढळलं. प्रयोग लहान होता, त्यावरून रोग बरे होण्याची भाषा कुणी करू नये. पण दोन वेगळ्या धर्मांतले शब्द सावकाश म्हटले की शरीर सारखंच शांत होतं, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रात्री छातीत धडधडतं, झोप येत नाही, अशा वेळी मोबाइल बाजूला ठेवून पाच मिनिटं सावकाश, आवाज काढून वाचून पाहा.

तिसरी गोष्ट, वेळ आणि जागा ठरवून ठेवा. पहाटे अंघोळीनंतर म्हणा, दिवेलागणीला म्हणा, किंवा मुलं शाळेत गेल्यावर म्हणा. पण रोज तीच. सोवळ्याची, चौरंगाची, उदबत्तीची आवड असेल तर करा. नसेल तर अडू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसानं पडल्या पडल्या ऐकलं तरी चालतं, जवळच्यानं वाचून दाखवावं. विटाळ, सुतक, पाळी ही कारणं सांगून कुणी दुखावलेल्या बाईच्या हातून पोथी काढून घेत असेल, तर घरच्यांनी त्याला थांबवावं. दुःखात पोथी लागत नसेल तर लागायची केव्हा?

चौथी गोष्ट, अर्थ घेऊन वाचा. जुनी मराठी अडते. म्हणून सार्थ प्रत घ्या, जिच्यात ओवीखाली अर्थ दिलेला असतो. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी अजूनही घरोघर वाचली जाते. तीही अवघड वाटली तर विनोबांची गीताई घ्या. संस्कृत गीता आईला कळत नव्हती, ती समजून घ्यायची तिची ओढ मनात धरून विनोबांनी १९३०-३१ साली ती सोप्या मराठीत उतरवली. वाचून झालं की जी एक ओळ आज मनाला लागली ती वहीत उतरवून काढा आणि खाली दोन वाक्यं स्वतःची लिहा. ही ओळ आज का लागली, एवढंच लिहायचं. महिन्यानं ती वही चाळली की आपण कुठून कुठे आलो ते दिसतं.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. देवावर रागावलेले असाल तर तो राग घेऊनच वाचा. पुष्कळ माणसं संकटात पोथी बंद करतात, कारण त्यांना वाटतं की मनात देवाबद्दल कडवटपणा असताना तिला हात लावणं पाप आहे. संतांनी असं मानलेलं नाही. नामदेव विठ्ठलाशी रुसतात, जनाबाई त्याला खडसावतात. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी तर देवळाच्या दाराबाहेर उभं राहून, आपल्याला जन्म देऊन हे असं का ठेवलंस, असं देवाला थेट विचारलं आहे. बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. क्रूसावर येशूनं काढलेला, देवानं सोडून दिल्याचा आक्रोश हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत. कुराणात हरवलेल्या युसुफसाठी रडून रडून याकूब नबींचे डोळे पांढरे पडले, असं सांगितलं आहे. भक्तानं रडू नये, तक्रार करू नये, हा नियम नंतरच्या लोकांनी घातलेला आहे.

गीतेकडेही या नजरेनं पाहा. पहिला अध्याय आपण पटकन उलटतो, कारण त्यात तत्त्वज्ञान नाही. पण त्यात एक उभा माणूस कोसळतो. अंगाला कंप सुटतो, तोंडाला कोरड पडते, हातातलं धनुष्य गळतं. तो बोलत राहतो आणि श्रीकृष्ण ऐकत राहतात. समोर जमलेले कुरू पाहा, एवढ्या शब्दांपलीकडे त्या अध्यायात ते काही बोलत नाहीत. उपदेश सुरू होतो दुसऱ्या अध्यायात, अर्जुनाचं सगळं बोलून झाल्यावर. दुखावलेल्या माणसाच्या घरी जाताना आपण हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे.

इथे मला नातेवाइकांशी आणि शेजाऱ्यांशी बोलायचं आहे. तुकोबांचा एक अभंग आहे, ज्यात दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळानं पिडलं ते बरं झालं, असं ते देवाला म्हणतात. तो अभंग मोठा आहे. पण तो तुकोबांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलेला आहे. ज्या आईचं मूल गेलं तिला ‘देवाच्या मनात काहीतरी चांगलं असेल’ असं म्हणायचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही. ‘मागच्या जन्मीचं असेल’, ‘कुणाचा तरी तळतळाट लागला’, ‘व्रत मोडलं म्हणून झालं’, ही वाक्यं तर तोंडातून जाऊच देऊ नका.

अशा वाक्यांतून मनात रुजणाऱ्या विचारांचा संबंध शरीराशीही दिसून आला आहे. अमेरिकेत केनेथ परगमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांची दोन वर्षं पाहणी केली आणि ती २००१ साली प्रसिद्ध केली. देवानं आपल्याला टाकलं, तो आपल्याला शिक्षा करतो आहे, त्याचं आपल्यावर प्रेमच नाही, अशा विचारांशी झगडणाऱ्या रोग्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे श्रद्धा सावरते तशी ती खचवूही शकते. देवाकडे राग व्यक्त करून मोकळं होणं वेगळं आणि आपण शिक्षेलाच पात्र आहोत असं मानून आतल्या आत कुढणं वेगळं. वाचताना ‘हे माझ्याच पापाचं फळ’ असा विचार पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिथे थांबा आणि एखाद्या समजूतदार माणसाशी बोला. त्या वेळी नरकाची वर्णनं वाचू नका. पसायदान वाचा. नऊ ओव्यांच्या त्या मागण्यात ज्ञानदेवांनी दुष्टांसाठीसुद्धा शिक्षा मागितलेली नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागितलं आहे. आईवडिलांना समाजानं वाळीत टाकलं, ते गेल्यावर चार भावंडं पोरकी झाली, त्यांतल्या एका मुलानं हे मागणं मागितलं आहे. त्याच्या देवाला तुम्हाला शिक्षा करायची घाई नसेल.

आता सोबतीबद्दल. एकट्यानं वाचावं, पण फक्त एकट्यानं वाचू नये. गावात हरिनाम सप्ताह असेल, वाड्यात किंवा सोसायटीत भजनी मंडळ असेल, तर जाऊन मागच्या रांगेत बसा. बोलायची सक्ती नाही, गायचीही नाही. टाळ वाजवता येत नसेल तर टाळी वाजवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर कैद्यांपुढे प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. घरापासून तुटलेली, पुढचं काही ठाऊक नसलेली ती माणसं आठवड्यातून एकदा एकत्र बसत आणि ऐकत. महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं सामूहिक वाचन होतं, तेही असंच. किसा गोतमीची कथा बौद्ध घरांत सगळ्यांना माहीत असते. मेलेलं मूल कवटाळून औषध मागणाऱ्या त्या आईला बुद्धांनी, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितलं. तिला मोहरी मिळाली नाही. पण प्रत्येक दारात तिला आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं. तिचं सावरणं गावातल्या लोकांशी बोलून झालं.

व्यसनाच्या बाबतीत तर सोबतीवाचून काही होतच नाही. वारकऱ्यांमध्ये माळ घातली की दारू आणि मांस सुटतं, आणि गळ्यातली माळ साऱ्या गावाला दिसते. चारचौघांत घेतलेली ती शपथ आहे, म्हणून ती टिकते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसनंही हेच केलं. ज्याला जसा देव समजेल तसा त्यानं मानावा आणि रोज आपल्यासारख्याच माणसांत येऊन बसावं. त्यांच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात, आणि पुण्यात १९८६पासून मुक्तांगणसारखी संस्था व्यसनमुक्तीचं काम करते आहे. एक खबरदारी मात्र घ्या. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. माळ घालण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या.

हे सगळ्याच आजारांना लागू आहे. पोथी औषधाच्या जागी नाही. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी, कर्करोगाचे उपचार, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं औषध, यांतलं काहीही पारायण सुरू केलं म्हणून बंद करायचं नाही. कुणी बुवा तसं सांगत असेल तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आठवड्यामागून आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगू नये असं वाटतं, अशी अवस्था असेल तर ती श्रद्धेची कमतरता नव्हे, तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं. आधी फोन करा, पोथी नंतरही वाचता येईल.

तशीच दुसरी मर्यादा. सहनशीलतेच्या ओव्या मार खाणाऱ्या बाईला वाचून दाखवायच्या नसतात. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी नवऱ्याच्या हातचा मार स्वतःच्या अभंगांत सांगितला आहे. त्यांच्या काळी त्यांना दुसरी वाट नव्हती. आज कायदा आहे, पोलीस आहेत, माहेर आहे, संघटना आहेत. बहिणाबाईंकडून घ्यायचं ते हे, की झालेलं त्यांनी झाकून ठेवलं नाही, नाव घेऊन सांगितलं.

आणि शेवटी, वाचनानं आपल्यात काही फरक पडतो आहे की नाही हे ओळखायचं कसं? डोळे पाणावले, अंगावर काटा आला, देवघरात प्रसन्न वाटलं, यांवर जाऊ नका. घरातल्या माणसांना विचारा. सुनेवर आवाज चढायचा थांबला का? भावाशी तुटलेलं बोलणं सुरू झालं का? मोलकरणीचा पगार वेळेवर जातो का? दुसऱ्याच्या घरी दुःख झालं तेव्हा तुम्ही चौदाव्या दिवसानंतरही तिथे गेलात का? पारायणांची संख्या वाढत असेल आणि घरातली माणसं तुम्हाला तशीच भीत असतील, तर पोथी अजून वाचून झालेली नाही.

म्हणून माझी विनंती आहे. आज रात्री झोपण्याआधी घरातला एक ग्रंथ खाली काढा, फडक्यानं पुसा आणि एक अभंग, एक ओवी, एक गाथा, एक स्तोत्र, एक आयत मोठ्यानं वाचा. समजली नाही तर उद्या तीच वाचा. जमलं तर घरातल्या आणखी एका माणसाला शेजारी बसवा. गोळ्या वेळेवर घ्या, माणसांशी बोलत राहा. आणि तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, जिथले पाहुणे नुकतेच परत गेले आहेत, तर या आठवड्यात तिथे जा, आधी ऐकून घ्या आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांच्यासोबत बसून थोडं वाचा.